आपल्यातला मुलगा

६ सप्टेंबर १९९८, रविवार

हयवदनला अमेरिकेला जाऊन पंधरवडा झाला. जाताना चिरंजीवांनी घरात कॉम्प्युटर आणून ठेवला, टेलिफोनच्या तारेला जोडून दिला आणि पत्रं कशी पाठवायची ते मला शिकवलं. मी एका बोटाने टाइप करतो. पत्र गेलं की नाही म्हणून पुन्हा पुन्हा उघडून बघतो, पोस्टाच्या पेटीत हात घालून चाचपावं तसं.

ही वही मात्र त्याच्यासाठी नाही, सुनेसाठी सुरू करतोय. वसुमती बनशंकरीच्या एका शाळेत शिकवते. शाळेत कॉम्प्युटर आले, पाठोपाठ इंटरनेट आलं आणि आईबाप धास्तावले. पोरं त्यात काय बघतात, कोणाशी बोलतात, कोणालाच पत्ता नाही. दुसरी कोणी असती तर सूचनाफलकावर चार ओळी डकवून मोकळी झाली असती. वसू म्हणाली, "मुलांचं नंतर बघू. आधी आईबापांनाच शाळेत बसवायला हवं." आजपासून दर रविवारी सकाळी तिने पालकांचा वर्ग सुरू केला. नवरा परदेशी, घरात सासरा आणि दहा वर्षांची मुलगी मनू, आठवडाभर नोकरी, आणि सुटीच्या दिवशी हा उद्योग. हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं. मी रिकामाच आहे.

मराठीतच लिहिणार. आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते सांगणारं आता कोणी उरलं नाही. बाहेर कन्नड, कारखान्यात इंग्रजी, मराठी फक्त स्वयंपाकघरात आणि देवघरात. पुण्याचे पाहुणे आले की आमची भाषा ऐकून पदराआड हसतात. हसोत बापडे.

१३ सप्टेंबर, रविवार

आज वर्गाला मी गेलो होतो. कॉफी वाटायचं काम माझ्याकडे. पंचवीस-तीस माणसं होती, त्यात आपला संताजीही. गांधी बाजारात त्याचं कापडाचं दुकान, सकाळच्या फिरण्यातला माझा जोडीदार. त्याच्याकडेही नातीसाठी, दिव्यश्रीसाठी, नवा कॉम्प्युटर आलाय.

वसू फळ्यावर काही लिहीत नाही. गप्पा मारल्यासारखं बोलते. कॉम्प्युटर आतल्या खोलीतून उचलून हॉलमध्ये आणा म्हणाली, पडद्याचं तोंड दाराकडे. आमच्याकडे तिने ते कालच केलं, मनूने आणि तिने टेबल ओढताना फरशीवर ओरखडे काढून ठेवलेत. मुलाने आपलं नाव, शाळा, घर, फोन कोणाला सांगायचा नाही. मूल कॉम्प्युटरवर असेल तेव्हा घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. आणि ज्यावर तिने सगळ्यात जास्त वेळ घालवला ते हे, की मूल आपण होऊन काही सांगायला आलं तर त्याला रागवायचं नाही, ते काहीही सांगो.

एक गृहस्थ म्हणाले, "मग पोरं डोक्यावर बसतील."

"बसू देत," वसू म्हणाली. "डोक्यावर बसलेलं मूल निदान कुठे आहे ते तरी कळतं."

सगळे हसले, ते गृहस्थही. मी जन्मभर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. वस्तू हातात घेतली की आधी दोष दिसतो. इडलीसुद्धा मी उलटी करून बघतो असं वसू म्हणते. पण आजच्या तिच्या बोलण्यात मला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

२० सप्टेंबर, रविवार

आज फार मजा झाली. वसू शेजारच्या खोलीत दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन बसली. पालकांना सांगून ठेवलं होतं की पलीकडे शीतल नावाची अकरा वर्षांची मुलगी आहे असं समजा, आणि तुम्ही आपल्या मुलाच्या जागी बसून तिच्याशी गप्पा मारा. नाव-पत्ता तेवढा सांगायचा नाही. नंदकिशोर नावाचे बँकेतले एक साहेब पुढे सरसावले. मला कोण फसवणार, असा चेहरा.

थोड्या वेळाने वसू बाहेर आली आणि म्हणाली, "तुमची मुलगी निळ्या-पिवळ्या पट्ट्याच्या शाळेत जाते. बस गणपतीच्या देवळासमोर सोडते. आई सहाला येते, तोवर ती एकटी असते, किल्ली खालच्या काकूंकडे. नाव सोडून सगळं सांगितलंत."

नंदकिशोरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पण वसू कोणाला मूर्ख ठरवून सोडत नाही. म्हणाली, "मुलगी घरी कशी बोलते ते तुम्हाला इतकं ठाऊक आहे, की हुबेहूब तिच्यासारखं बोललात. सगळ्या बापांना हे जमत नाही." माणूस खुलला. शेवटी तोच खुर्च्या उचलायला थांबला.

मी येताना बसमध्येही हसत होतो. इतके शिकलेले लोक आणि इतके भोळे. वसू म्हणाली, "अण्णा, हसू नका. समोरचा गोड बोलला की कोणाचीही जीभ सुटते."

२८ सप्टेंबर, सोमवार

दसऱ्याची सुटी लागली. मनूला सुटी, तिच्या आईला नाही. वसूला आणखी दोन शाळांनी बोलावलंय. जाताना म्हणाली, "मनू कॉम्प्युटरवर बसली तर तुम्ही जवळ बसाल ना अण्णा? तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त." हे ऐकून छाती दोन इंच फुगली.

तर आज दुपारी आम्ही दोघं बसलो. मनूने मराठी लोकांची एक गप्पांची खोली शोधून काढली. जगभरचे मराठी लोक तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत बसलेले. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. रस्त्यावर मराठी शब्द कानावर पडला तरी आम्ही इथले लोक मागे वळून बघतो. इथे तर सगळी खोली आपल्या लोकांची.

तिथे तन्मय भेटला. वय तेरा, राहणार न्यू जर्सी. मनूशी बोलायला लागला. मग मी तिला सरकवून खुर्चीवर बसलो आणि सांगितलं की मी तिचा आजोबा. पोरगं बिचकलं नाही. "नमस्कार आजोबा" असं लिहिलं. आमची मनू मला अज्जा म्हणते, इथल्या सगळ्यांसारखं. आजोबा म्हणणारं कोणी नाही. मी पाघळलोच.

रीतीप्रमाणे विचारपूस केली. आडनाव, मूळ गाव, गोत्र. म्हणाला, बाबा असलं काही सांगत नाहीत, तुमचं काय? मी सांगितलं, वसिष्ठ, कुलदैवत व्यंकटेश. जरा वेळाने म्हणाला, बाबांना विचारून आलो, आमचंही वसिष्ठ, आमचंही व्यंकटेश. सातासमुद्रापार सगोत्री भेटावा याला काय म्हणावं.

मनू म्हणाली, "अज्जा, तू आधी सांगितलंस ना."

मी म्हटलं, मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये.

५ ऑक्टोबर, सोमवार

तन्मय रोज दुपारी येतो. इतक्या लांबचं पोर पण काय लाघवी. माझं मराठी फार छान आहे म्हणाला. त्याच्या आजोबांच्या वळणाचं. साठ वर्षांच्या आयुष्यात माझ्या मराठीला कोणी छान म्हटलेलं मला आठवत नाही.

वसूला सांगितलं की आम्ही आपल्या लोकांच्या खोलीत बसतो. ती पेपर तपासत होती. "तुम्ही शेजारी असता ना?" विचारलं. म्हटलं, असतो तर. मनूपेक्षा मीच जास्त असतो. ती हसली. डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या. दिवाळीत तिला पैठणी घ्यावी असं मनात आहे.

भाऊबीज

वसू मल्लेश्वरमला भावाला ओवाळायला गेली होती, दिवेलागणीला परत येणार. मनूला मी ठेवून घेतलं. कारण असं की तन्मय परवा म्हणाला होता, त्याला बहीण नाही. आमच्या मनूला भाऊ नाही. एका गोत्राची मुलं म्हणजे भाऊबहीणच. मग काय अडलंय? मनूला परकर-पोलकं नेसवलं, ताम्हणात निरांजन लावलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला ओवाळायला लावलं. तन्मय पलीकडून लिहीत होता, "ताई, ओवाळणी काय हवी?"

मनू तोंड वाकडं करून म्हणाली, "फ्रिजला ओवाळल्यासारखं वाटतंय." हल्लीच्या मुलांना कशाचं अप्रूपच नाही.

फोटो काढायला संताजीला बोलावलं होतं. मनू ताम्हण घेऊन उभी, शेजारी मी. संताजी म्हणाला, "काय राव पुरुषोत्तमराव, आता यंत्रालाही नातू करणार का?" पण हेवा वाटला त्याला. आमच्या दिव्यालाही त्या खोलीत बसवा म्हणाला. मी कागदावर खोलीचं नाव लिहून दिलं. आपल्या लोकांची आपल्या लोकांशी ओळख करून देण्यासारखं पुण्य नाही.

वसूला हे सांगायचं राहून गेलं. खरं लिहायचं तर राहून गेलं नाही, मी ठेवलं. ती नियम काढून बसली असती. नियम परक्यांसाठी असतात, सगोत्री पोराला कसला नियम?

३० ऑक्टोबर, शुक्रवार

फोटो धुऊन आला. गांधी बाजारातल्या इंटरनेटवाल्याकडून फ्लॉपीवर चढवून घेतला आणि तन्मयला पाठवला. ओवाळणी पाठवायची म्हणून त्याने पत्ता मागितला होता, तोही दिला.

मनूने संध्याकाळी एक मजेशीर प्रश्न विचारला. मी तुळशीला पाणी घालत होतो. म्हणाली, "अज्जा, मूल खरं सांगायला आलं तर आई रागवत नाही. पण मोठ्यांनी चूक केली असेल तर? त्यांना रागावते?" बापाबद्दल असणार. हयवदन पाडव्याला फोन करायला विसरला होता. मी म्हटलं, "मोठ्यांना तर चांगलीच रागावते. मोठ्यांना सूट नाही."

मनू आत गेली. बापावर फार जीव आहे तिचा.

८ नोव्हेंबर, रविवार

वसूच्या वर्गाला आता खुर्च्या पुरत नाहीत. आज एक बाई तिचे दोन्ही हात धरून बराच वेळ उभी होती. तिच्या मुलाला कोणीतरी घाणेरडी चित्रं पाठवली होती. मुलाने येऊन सांगितलं, आणि बाईने वसूचं ऐकून राग गिळला. "अक्का, मी ओरडले असते तर त्याने परत कधीच सांगितलं नसतं," असं म्हणत होती. वसूच्या जागी मी असतो तर दोन दिवस तोऱ्यात फिरलो असतो. ही घरी येऊन भेंडी चिरायला बसली.

मनू सध्या कॉम्प्युटरकडे फिरकत नाही. पोटात दुखतं म्हणते. सहामाहीचे मार्क आले असतील. मीच तन्मयशी बोलतो. आज त्याने आनंदाची बातमी दिली. बेंगळुरात त्याचे काका राहतात, त्यांच्याकडे येतोय. सोमवारी, सोळाला, आमच्या बसवनगुडीतली शेंगांची जत्रा आहे, कडलेकाय परिशे, तेव्हा संध्याकाळी भेटायचं. काका गर्दीत मला ओळखणार नाहीत, पण मनूला फोटोवरून ओळखतील, म्हणून तिला बसवण्णाच्या देवळाच्या पायऱ्यांशी पाठवा म्हणाला. काकांच्या हातात लाल कागदातली पेटी असेल. वसूला अगोदर सांगू नका, तिला चकित करू. पोरगं हौशी आहे. देऊळ दोन गल्ल्यांवर आहे, मनू एकटी नेहमी जाते. मी घरी थांबून होळगे, म्हणजे पुरणपोळ्या, करवून ठेवीन. पुरण शेजारच्या तुंगाबाईंकडून, त्या चांगलं घालतात.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

संध्याकाळी मी हॉलमध्ये बसलो होतो. वसू मनूच्या खोलीतून बाहेर आली. खूप वेळ आत होती. तिने दोन पेल्यांत कॉफी आणली, एक माझ्यापुढे ठेवली आणि शेजारी बसली. समोर नाही, शेजारी. म्हणाली, "अण्णा, तन्मयबद्दल मला सांगा."

मला वाटलं पोरीने गुपित फोडलं. मी हसत हसत सगळं सांगितलं. होळग्यांचंही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही दूध घ्यायला, दार उघडायला उठायचात तेव्हा तो मनूला आधी विचारायचा, अज्जा उठला का. ती हो म्हणाली की मग लिहायचा."

काय लिहायचा ते तिने मला सांगितलं. ते मी या वहीत लिहिणार नाही. जत्रेला ताईने कोणता फ्रॉक घालावा तेही होतं. अज्जाला सांगितलंस तर अज्जाला पोलीस नेतील, कारण फोटो त्यानेच पाठवलाय, असंही होतं.

मी भांडलो. तेरा वर्षांचं पोर आहे म्हटलं, कोणी खोडी काढली असेल. सगोत्री आहे म्हटलं.

वसूने आवाज चढवला नाही. विचारलं, "गोत्र आधी कोणी सांगितलं अण्णा?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. कारखान्यात आम्ही मापाचं गेज कधी माल देणाऱ्याच्या हातात द्यायचो नाही. इथे मी माझं गेज त्याच्या हातात दिलं आणि त्याच मापाने त्याला पास केला. आडनाव, गाव, देव, सगळं मी सांगितलं आणि त्याने मला परत वाचून दाखवलं. दहा वर्षांच्या पोरीला पहिल्याच दिवशी ते दिसलं होतं आणि मी तिला गप्प केलं होतं.

मी म्हटलं, "वसू, बोल मला. चार शब्द बोल."

"नाही बोलणार," ती म्हणाली. "मनूने सांगण्याआधी माझ्याकडून शब्द घेतला. स्वतःसाठी नाही मागितला तिने. म्हणाली, अज्जाला रागावणार नसशील तरच सांगते." आणि मग म्हणाली, "पंधरा दिवस पोटात घेऊन फिरत होती अण्णा. तुम्हाला वाचवायला."

कॉफीचा पेला तिने दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला. मग उठली आणि पोलीस ठाण्यात फोन लावला.

१६ नोव्हेंबर, सोमवार

ठाण्यातल्या साहेबांनी वसूचं नीट ऐकून घेतलं. इंटरनेटचं असलं प्रकरण पहिलंच म्हणाले, पण दोन माणसं साध्या कपड्यांत पायऱ्यांशी उभी केली. मनूला तिच्या मामाकडे पोचवलं. मला घरी बसायला सांगितलं होतं.

मी बसलो नाही. आता कारण लिहितो. मनाच्या एका कोपऱ्यात मला अजून वाटत होतं की तेरा वर्षांचं पोर येईल, वाकून नमस्कार करील, आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील. म्हणून गेलो. रस्ताभर शेंगांचे ढीग, फुगे, पिपाण्या, पाय ठेवायला जागा नाही. मी पायऱ्यांवर उंच जाऊन उभा राहिलो, पोराला दिसावं म्हणून.

पोर आलं नाही. बऱ्याच वेळाने साध्या कपड्यातल्या शिपायाला कठड्यावर लाल कागदातली पेटी ठेवलेली सापडली. जवळ कोणी नव्हतं. एक शेंगावाली म्हणाली, चाळिशीचा माणूस होता, चांगल्या घरचा दिसत होता, पायऱ्यांकडे बघितलं आणि पेटी ठेवून गर्दीत शिरला.

त्याने मला ओळखलं. फोटोत मनूशेजारी मी होतो ना.

पेटीत दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा फ्रॉक होता. वसूने तो बघितला आणि तोंड फिरवलं. परत येताना रिक्षात मी म्हटलं, माझ्यामुळे सुटला तो. ती बाहेर बघत म्हणाली, "मनू सुखरूप आहे अण्णा. आज एवढंच."

१८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी न्हाणीघरात नळ बराच वेळ चालू होता. नळाच्या आवाजाखाली वसू रडत होती. बाहेर आली ती कुंकू लावून, साडी नीट करून, शाळेला जायला तयार. फोनचा नंबर बदलून घेतला, मनूच्या शाळेत सांगितलं, हयवदनला फोन करून त्याला धीर दिला. मी हिला माझ्या घरची सून म्हणतो. खरं म्हणजे आम्ही हिच्या घरी राहतो.

मी सांगितलं की रविवारी वर्गात मी बोलणार आहे. म्हणाली, "बोलायलाच हवं असं नाही. आणि बोलायचं तर आधी मनूला विचारा. गोष्ट तिचीही आहे." हे मला सुचलं नसतं.

मनूला विचारलं. तिने विचार केला. म्हणाली, "माझं नाव घेऊ नकोस. तुझं सांग." मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. इतकी मोठी झाल्यापासून तशी झोपली नव्हती.

२२ नोव्हेंबर, रविवार

आज कॉफी नंदकिशोरांनी वाटली. मी पुढे जाऊन उभा राहिलो. बोलायचं ठरवून गेलो होतो ते सगळं विसरलो. मग जसं घडलं तसं सांगत गेलो. खोली, आजोबा म्हणणं, माझ्या मराठीची स्तुती. म्हटलं, मुलांना आपण बजावतो की परक्याशी बोलू नका. पण आपली भाषा बोलणारा आम्हाला परका वाटतच नाही. मी घरातलं मोठं माणूस म्हणून पोरीच्या शेजारी बसलो होतो आणि दार मीच आतून उघडत होतो.

कोणी हसलं नाही. मागच्या रविवारी मला नमस्कार करणाऱ्या एका बाईंनी मान खाली घातली. मी गोत्राचं सांगितलं, त्याने आमचंच गोत्र कसं परत सांगितलं ते.

तेव्हा मागच्या रांगेतून संताजी उठला. नेहमी दुकानात बसून रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारणारा हा माणूस आज पुटपुटल्यासारखा बोलला. "पुरुषोत्तमराव, स्वल्प थांबा," म्हणाला. "त्या खोलीत दिव्याशी एक पोरगा बोलतो. त्याचं नाव तन्मय नाही, वेगळं आहे. पण मी त्याला देवक विचारलं. आमचंच निघालं. मला फार बरं वाटलं होतं."

संताजीचं गोत्र वेगळं, कूळ वेगळं, आमचं वेगळं. खोलीचं नाव त्याला कागदावर मी लिहून दिलं होतं.

"दिव्या कुठे आहे?" वसूने विचारलं.

"घरी. एकटीच. सगळे लग्नाला होसूरला गेलेत."

वसूने त्याला हाताला धरून शाळेच्या कचेरीत नेलं. मीही मागे गेलो. फोन फिरवताना त्याचं बोट दोनदा चुकलं, मग वसूनेच नंबर लावून दिला. घंटा वाजत राहिली. संताजीच्या कपाळावर घाम आला होता. पलीकडे कोणीतरी उचललं तेव्हा त्याने डोळे मिटले.

वसू त्याच्या कानाशी हळू काहीतरी बोलली. संताजी रागीट माणूस आहे, त्याची मुलं आजही त्याच्यासमोर बसत नाहीत. त्याने घसा साफ केला. म्हणाला, "दिव्या, मी अज्जा बोलतोय. जेवलीस का बाळ?"

पोरगी काहीतरी बोलली. तो हं, हं करत राहिला. मग म्हणाला, "तो कॉम्प्युटरमधला मुलगा आहे ना, त्याच्याबद्दल मला ऐकायचंय. सवडीने सांग. मला काही घाई नाही."

 आणि मग पोरगी बोलायला लागली. शब्द मला कळत नव्हते, नुसता बारीक आवाज रिसीव्हरमधून येत होता, न थांबता. संताजीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. एकदा त्याने रिसीव्हरवर हात धरून वसूकडे बघितलं.

"बुधवारी," तो म्हणाला. "लालबागच्या दाराशी. शाळेतून परस्पर बोलावलंय."

वसूने मला ठाण्यात जायची खूण केली. मग खुर्ची ओढून त्याच्या मागे लावली. तो बसला आणि फोन पुन्हा कानाला लावला. मी दाराबाहेर पडत होतो तेव्हा तो म्हणत होता, "बोल बाळ, मी ऐकतोय."